पॅनलवरचा हिरवा दिवा

यवतमाळात आमच्या धंद्याला स्वखुशीनं गिऱ्हाईक येत नाही. दुकानाच्या पाटीवर ‘फायर अलार्म, नर्स कॉल, सीसीटीव्ही’ असं लिहिलं आहे, पण लोक विचारतात ते शेवटचं. कॅमेऱ्यात चोर दिसतो, मोबाईलवर दुकान दिसतं, पाहुण्यांना दाखवता येतं. फायर अलार्मचं दाखवण्यासारखं काही नसतं. नगरपरिषदेची नोटीस आली, दवाखान्याच्या नोंदणीचं नूतनीकरण अडलं किंवा बँकेनं कर्जाच्या फायलीत एक कागद कमी काढला, की मग माणूस दारव्हा रोडला माझं दुकान विचारत येतो. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “भाऊ, सर्टिफिकेटपुरतं करून द्या.”

सर्टिफिकेटपुरतं म्हणजे नेमकं काय, हे कळायला आधी ती पेटी उघडून बघावी लागते.

दवाखान्यात, लॉजमध्ये, मॉलमध्ये रिसेप्शनच्या मागे भिंतीवर ही पेटी असते. आम्ही तिला पॅनल म्हणतो. वीज गेली तरी चालावं म्हणून तिच्या पोटात बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. दारावर दिवे. हिरवा लागला तर सगळं ठीक, पिवळा लागला तर कुठेतरी बिघाड, लाल लागला तर आग. पॅनलमधून तारांच्या जोड्या निघतात : एक तळमजल्याला, एक पहिल्या मजल्याला, एक आयसीयूला. अशा प्रत्येक जोडीचा एक झोन. त्या तारेवर छताचे डिटेक्टर बसतात आणि जिन्यापाशी ती काचेची लाल डबी बसते, जिची काच दाबून किंवा फोडून माणसानं स्वतः इशारा द्यायचा असतो. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक लहान इमारतींत ही साधी पद्धत आहे. ती फक्त ‘पहिला मजला’ एवढंच सांगते, पुढे धावत जाऊन खोली शोधायची. मोठ्या इमारतींत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो आणि पडद्यावर थेट खोलीचं नाव उमटतं.

आग नसते तेव्हाही त्या तारांतून अगदी थोडा प्रवाह सतत वाहत असतो. शेवटच्या डिटेक्टरच्या पलीकडे, तारेच्या टोकाला, एक लहानसा रेझिस्टर असतो. तिथपर्यंत जाऊन परत येणारा प्रवाह पॅनल अखंड मोजत बसतं. उंदरानं तार कुरतडली, फॉल्स सीलिंगवाल्यानं ती छाटली, रंगवाल्यानं डिटेक्टर काढून खिडकीत ठेवला, की प्रवाह तुटतो आणि पिवळा दिवा लागतो. धूर आला तर डिटेक्टर प्रवाह वाढवतो आणि लाल लागतो. मला या साध्या रचनेचं अजून कौतुक वाटतं. आग ओळखणं हे यंत्राचं अर्धंच काम. आपली नजर गेली आहे, हेही त्याला कळावं लागतं, आणि दहा-वीस पैशांचा तो रेझिस्टर हे दुसरं अर्धं काम करतो.

या सगळ्या हुशारीवर मात करायला एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. रेझिस्टर तारेच्या टोकाला न लावता पॅनलच्या आतच, जिथून तार निघते त्या टर्मिनलवर, आवळून टाकायचा. मग बाहेर फूटभरही तार नसली तरी पॅनलचा समज होतो की सगळं जागच्या जागी आहे. हिरवा दिवा लागतो. त्याचा फोटो निघतो, फाईलला लागतो. सर्टिफिकेटपुरतं म्हणजे हे.

हे इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की, नवीन इमारतीत गेलो की मी छताकडे नंतर बघतो, आधी पेटीचं दार उघडतो. छताकडेही बघण्यासारखं असतंच. नवा डिटेक्टर येतो तेव्हा बांधकामाची धूळ आत जाऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकची टोपी असते. उद्घाटनाच्या फिती कापून वर्षं झालेल्या वॉर्डांत त्या टोप्या तशाच आहेत. रुग्ण दिवसभर उताणा पडून त्यांच्याकडे बघत असतो. त्याला वाटतं, असंच असतं हे.

धूर ओळखणारा डिटेक्टर आतून म्हणजे एक छोटी काळी खोली. तिच्यात एकीकडून प्रकाशाचा किरण सुटतो आणि तो पाहणारा डोळा मुद्दाम आडव्या कोनात बसवलेला असतो, त्यामुळे एरवी त्याला किरण दिसतच नाही. धुराचे कण आत शिरले, की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि थोडा त्या डोळ्यात जातो. दुपारी कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप आली की तिच्यात घरातली धूळ नाचताना दिसते, त्यातलाच हा प्रकार. दुसरा डिटेक्टर उष्णतेचा. साधारण ५७ अंशाला तो बोलतो. काही तापमान किती वेगानं चढतंय तेही बघतात. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बीनं १९०२ साली उष्णतेवर चालणारा जो इशारा केला, त्यात धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये चक्क लोण्याचा तुकडा होता, असं सांगतात. लोणी वितळलं की पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि घंटा वाजायची. आमच्या मे महिन्यात ती घंटा सकाळी दहालाच वाजली असती.

धुराच्या डिटेक्टरची जन्मकथा आणखी मजेची आहे. १९३०च्या दशकात वॉल्टर येगर नावाचा स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवायच्या खटपटीत होता. वायू सोडला तरी काटा हलेना. वैतागून त्यानं सिगारेट पेटवली, आणि काटा हलला.

आता यवतमाळ. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत धूळ. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की जिनांच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या, आसपासच्या वस्तीत हवेत तंतू तरंगतात आणि डिटेक्टरच्या जाळीवर बसतात. पावसाळ्याच्या तोंडाला बारीक चिलटं त्या काळ्या खोलीत शिरतात, आणि डोळ्याला चिलट काय नि धूर काय, दोन्ही सारखंच. पँट्रीत चहा उतू गेला, मेसमध्ये मिरचीची फोडणी बसली, लक्ष्मीपूजनाला केबिनमध्ये धूप लावला, की हूटर, म्हणजे भोंगा, सुरू. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मला मित्रांचे कमी आणि गिऱ्हाइकांचे जास्त फोन येतात. पत्र्याच्या शेडात वेगळीच अडचण. उन्हाळ्यात पत्र्याखालची हवा साठीच्या घरात जाते, म्हणजे ५७ अंशाचा डिटेक्टर काही न पेटता वाजणार. आणि त्या तापलेल्या हवेच्या थरामुळे खालून आलेला धूर वर पोचतच नाही, मध्येच पसरून राहतो, म्हणजे पत्र्याला लावलेला धुराचा डिटेक्टर पेटलं तरी गप्प.

चार-पाच वेळा खोटा वाजला की रात्रपाळीचा माणूस स्वतःच उपाय शोधतो. “भाऊ, थे पीं पीं डोकं खाते, म्हणून बंद करून टाकलं.” कुणी ‘सायलेन्स’चं बटण काडी खोचून कायमचं दाबून ठेवलेलं, कुणी हूटरची तार काढलेली, कुणी भोंग्यात बोळा कोंबलेला. मला त्याचा राग येत नाही. बारा तासांची पाळी, वॉर्डात घाबरलेले पेशंट, जिन्यात धावलेले नातेवाईक, आणि सकाळी डॉक्टरसाहेबांची बोलणी, हे सगळं त्याच्या वाट्याला येतं. यंत्रानं चार वेळा खोटं सांगितल्यावर पाचव्यांदा तो विश्वास का ठेवील? आमच्या धंद्यात खोट्या अलार्मला किरकोळ तक्रार समजतात. माझ्या मते मुख्य बिघाड तोच. पँट्रीतला धुराचा डिटेक्टर काढून उष्णतेचा लावणं, एसीच्या झोतापासून तो बाजूला सरकवणं, हंगाम संपला की सगळे उतरवून साफ करणं, एवढं केलं की निम्म्याहून जास्त पीं पीं थांबते. त्या कामाचे पैसे मागितले की मात्र समोरचा माणूस कॅमेऱ्यांबद्दल बोलायला लागतो.

दवाखान्यात इशाऱ्याची आणखी एक यंत्रणा असते, नर्स कॉल. पलंगाच्या उशाशी बटण, दाबलं की नर्सच्या टेबलावर घंटी आणि खोलीच्या दारावर दिवा. हिच्यात एक नियम असा आहे की तो मला फायर अलार्मवाल्यांनीही उचलावा असं फार वाटतं : घंटी बंद करायचं बटण टेबलावर नसतं, पलंगापाशी असतं. म्हणजे आवाज थांबवायचा असेल तर रुग्णापर्यंत चालत जावंच लागतं. स्वस्तातल्या संचांत ते टेबलावरच देतात, आणि मग काय होतं ते सांगायला नको. संडास-बाथरूममध्ये ओढायची दोरी असते. ती जवळजवळ फरशीपर्यंत लोंबती हवी, कारण जो पडला आहे त्याचा हात तेवढाच वर जातो. आपल्याकडे ती गाठ मारून छातीच्या उंचीला बांधलेली असते. कारण विचारलं तर, “पोछा मारताना भिजते जी.”

खरं सांगायचं तर आपल्या दवाखान्यांतला नर्स कॉल म्हणजे नातेवाईक. पलंगाखाली चटई टाकून पडलेली आई, सलाईन संपत आलं की “सिस्टर, ओ सिस्टर” करत पळणारा भाऊ. ही यंत्रणा रात्रभर चालते, बॅटरी लागत नाही, खोटी फारशी वाजत नाही. पण आयसीयूत आणि नवजात बाळांच्या कक्षात नातेवाइकांना आत घेत नाहीत. ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच आहे. फक्त जिथला रुग्ण स्वतः हाकही मारू शकत नाही, नेमक्या तिथेच ही माणसांची घंटी दाराबाहेर बसलेली असते.

९ जानेवारी २०२१च्या रात्री दीड-दोनच्या सुमारास भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली तेव्हा आत १७ बाळं होती. १० गेली, ७ वाचली. त्या कक्षाचे दोन भाग होते. त्याच रुग्णालयात जन्मलेल्या बाळांचा एक, आणि बाहेर जन्मून तिथे आणलेल्या बाळांचा दुसरा. वाचलेली सात पहिल्या भागातली. दुसऱ्या भागातला धूर कळला तो कामावरच्या परिचारिकेला, आणि तोवर खोली धुरानं भरली होती. भंडारा यवतमाळपासून काही फार दूर नाही. तिथले लोक आणि आपण एकाच नागपूरला उपचाराला जातो. त्या दिवशी टीव्हीवर जे दिसलं ते बघून मी जेवलो नाही, एवढंच लिहितो.

धंद्याच्या नजरेनं बघितलं तर अशी खोली म्हणजे सगळ्यात अवघड जागा. दारं-खिडक्या बंद, ऑक्सिजन सुरू, म्हणून जे पेटेल ते भराभर पेटणार. गाद्यांचा फोम आणि नळ्यांचं प्लास्टिक ज्वाळेपेक्षा धूर जास्त करतं, आणि त्या धुरातच माणूस आधी बेशुद्ध पडतो. बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरसारखं उपकरण रात्रंदिवस तापलेलं. उपकरणाच्या आत वायर वितळायला लागल्यापासून ज्वाळ दिसेपर्यंत बहुतेक वेळा काही मिनिटं जातात. छतावरच्या डिटेक्टरचं सगळं मोल त्या मिनिटांत आहे. तो आग विझवत नाही. झोपलेल्याला, पाठमोऱ्याला, काचेपलीकडच्याला तो ती मिनिटं देतो. पुढचं माणसांनी करायचं.

त्याच वर्षी ९ एप्रिलला नागपूरजवळ वाडीत, २३ एप्रिलला विरारमध्ये, ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात, अतिदक्षता विभाग पेटले. नगरला त्या एका दिवसात ११ रुग्ण गेले. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले आणि माझा फोन वाजायचा थांबेना. महागावपासून झरी-जामणीपर्यंत फिरलो. ऑडिटच्या छापील तक्त्यात रकाने होते : डिटेक्टर आहे का, हूटर आहे का, सिलिंडर किती, मुदत कधीची. चांगले रकाने. रात्री दोन वाजता हूटर वाजला तर पहिल्यांदा कोण उठणार, हा रकाना मला कुठल्याच तक्त्यात सापडला नाही.

आपल्या जिल्ह्यात आग म्हटलं की दवाखान्याआधी डोळ्यांसमोर येतो तो जिन. वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, दारव्हा, कुठेही जा, उन्हाळ्याच्या तोंडाला कापसाच्या गंजीला आग लागल्याची बातमी ठरलेली. शेतातून आलेल्या कापसात खडा असतो, खिळा असतो, कधी विळ्याचा तुकडा. तो मशीनमध्ये लोखंडावर आपटला की ठिणगी. ही ठिणगी तिथेच राहत नाही. कापूस आणि रुई हवेच्या जोरावर पाइपातून पुढे ओढली जाते, तिच्याबरोबर ठिणगीही जाते, आणि आग लागते ती ठिणगी पडली त्या जागेपासून लांब, प्रेसपाशी किंवा रुईच्या ढिगात. १७० किलोच्या आसपासची गठाण बांधली गेली असेल तर ती आतल्या आत धुमसत राहते. बाहेरून पाणी मारून विझली म्हणून गोदामात ठेवलेली गठाण काही दिवसांनी पुन्हा पेटते. म्हणून जाणता फोरमन अशी गठाण उघड्यावर, बाकीच्यांपासून लांब टाकतो.

जिनच्या हॉलमध्ये साधा धुराचा डिटेक्टर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. हवेत तंतूच तंतू, तो पहिल्या दिवशीच वाजेल आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढून ठेवील. तिथे लागतो ठिणगी बघणारा डोळा. पाइपाच्या आत अंधार असतो, त्यात ठिणगी गेली की तिचा इन्फ्रारेड प्रकाश तो टिपतो आणि पुढे एक झडप फिरून तेवढा कापूस बाहेर टाकला जातो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. मोठ्या कारखान्यांत हे आता दिसतं, लहान जिनांत अजून नाही. तिथे डिटेक्टर म्हणजे हमालाचं नाक. आणि ते उत्तम चालतं. जळत्या कापसाचा वास वर्षानुवर्षं रुईत काम केलेल्या बाईला किंवा माणसाला यंत्राआधी येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अडचण पुढे आहे. मशीन थांबवायचा अधिकार तिला नसतो. ती मुकादमाला सांगणार, मुकादम फोरमनला, फोरमन दिवाणजींना. एका जिनमध्ये तर काचेची लाल डबी ऑफिसात, दिवाणजींच्या खुर्चीमागे बसवून घेतली होती. “मजूर उगाच काच फोडतात,” हे कारण. मी ती प्रेसच्या खांबावर हलवा म्हणून तीन हंगाम मागे लागलो, तेव्हा कुठे हलली.

कापूस, धूर आणि न दिलेला इशारा, या तिन्हींची सगळ्यात भयंकर गाठ मुंबईत पडली होती. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उभं होतं. पोटात कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गठाणी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. दुपारी बाराच्या पुढे शेजारच्या जहाजांवरच्या लोकांना त्याच्या हवेच्या नळकांड्यांतून धूर निघताना दिसला. कुणीच कळवलं नाही. जहाजावर माणसं आहेत, त्यांना दिसलंच असेल, असं प्रत्येकाला वाटलं असणार. जहाजावरच्या लोकांना ते कळेपर्यंत दोनच्या आसपास वाजले. त्या दिवसाच्या हकिकतीत आणखी एक गोष्ट सांगतात. अग्निशमन दलाच्या पहिल्या तुकडीच्या नायकानं, मोठी आग आहे, जास्त बंब पाठवा, असा निरोप द्यायला एकाला फोनकडे पिटाळलं. फोनला डायलच नव्हती. ऑपरेटरची वाट बघण्याचा धीर सुटून त्यानं जवळच्या फायर अलार्मची काच फोडली. नियंत्रण कक्षाला एवढंच कळलं की गोदीत कुठेतरी आग आहे. नेहमीच्या आगीला जातात तसे दोन बंब निघाले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, जे १९५६ साली रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं, तिथून शिकलेली माणसं आज देशभरच्या दलांत आहेत. आपल्या दाराशी असलेल्या या संस्थेची ओळख यवतमाळातल्या शाळांना फारशी नाही, हे मला खटकतं.

आजही काच फोडल्यानं तेवढंच कळतं : इथे काहीतरी पेटलंय. किती, कुठे, आत कोण, हे माणसानंच फोनवर सांगायचं असतं. १०१ लावला की स्थानिक दल, ११२ लावला की राज्याचा एकत्रित कक्ष. आणि एक गैरसमज इथेच काढून टाकतो. लोकांना वाटतं पॅनल वाजलं की बंब आपोआप निघतो. आपल्या जिल्ह्यातल्या जवळजवळ कुठल्याच इमारतीचं पॅनल अग्निशमन केंद्राला जोडलेलं नाही. हूटर फक्त इमारतीत वाजतो. यवतमाळहून वणी शंभराहून जास्त किलोमीटर, उमरखेडही तसंच लांब. पालिका असलेल्या गावांत बंब आहे, पण खेड्यातल्या आश्रमशाळेला किंवा फाट्यावरच्या लॉजला शेजारच्या गावाहून बंब येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणजे आमच्याकडे पहिली पंधरा-वीस मिनिटं इमारतीतल्याच लोकांची.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. यंत्रणा बसवणं आणि ती चालू ठेवणं ही मालकाची किंवा वापरणाऱ्याची जबाबदारी. काम परवानाधारक संस्थेकडूनच करून घ्यायचं. बसवल्यावर नमुना ‘अ’, आणि नंतर वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचं नमुना ‘ब’चं प्रमाणपत्र. जुलै आला की आमच्याकडे गर्दी होते ती याचीच. पेटी न उघडता सही मागणारे जास्त, उघडून बघा म्हणणारे थोडे.

त्या थोड्यांमधल्या एका डॉक्टरांकडे, नाव-गाव सांगत नाही, मागच्या वर्षी आम्ही रात्रीचा सराव केला. त्यांच्या दवाखान्यात पहिल्या मजल्यावर लहान मुलांचा वॉर्ड आहे. रात्री अकरानंतर मी धुराचा स्प्रे डिटेक्टरखाली धरला. हूटर वाजला. झोपलेल्या माणसाच्या उशाशी तो निदान ७५ डेसिबल ऐकू यावा असा नियम आहे. टोकाच्या खोलीत तो दार बंद असताना पुटपुटल्यासारखा पोचत होता, तिथे दुसरा हूटर लागणार हे त्याच क्षणी ठरलं. चौकीदार पॅनलपाशी आला आणि त्यानं सवयीनं सायलेन्स दाबलं. वर जायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लिफ्टनं दोघंजण खाली निघाले. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली दिवसपाळीच्या ब्रदरच्या घरी. हे सगळं बाहेर आलं ते एका स्प्रेच्या डबीमुळे.

मग वॉर्डातल्या मावशींनी प्रश्न काढला, जो आमच्या कुणाच्याही डोक्यात नव्हता. “डॉक्टरसाहेब, माणसं रात्री दोन, लेकरं आठ. खाली न्यायला किती फेऱ्या करू?” दवाखान्यातली पद्धत वेगळी असते, हे तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं. एकदम खाली पळायचं नाही. आधी त्याच मजल्यावर, मधलं दार ओलांडून पलीकडच्या भागात सगळ्यांना सरकवायचं आणि ते दार लावून घ्यायचं. धूर अडतो, वेळ मिळतो, मग जिना. पण त्यासाठी मधलं दार लागणारं हवं. ते रंगाच्या थरांनी उघडंच चिकटून बसलं होतं. सुतार दुसऱ्या दिवशी आला. मागच्या दाराची किल्ली आता दारालगत काचेच्या पेटीत टांगली आहे. ड्यूटीच्या तक्त्यात नवा रकाना आला : पॅनलपाशी कोण, वर कोण, फोन कोण करणार. मावशींचं नाव ‘वर’मध्ये आहे आणि त्यांनी ते मागून घेतलं आहे.

शहरातल्या अभ्यासिकांबद्दलही दोन शब्द. स्पर्धा परीक्षेची पोरं रात्र-रात्र बसतात त्या जागा म्हणजे पुष्कळदा गच्चीवरचं पत्र्याचं शेड किंवा तळघर, प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात चार्जर, खिडक्यांना जाळ्या, एकच जिना आणि रात्री खाली शटर ओढलेलं. सुरतेला २४ मे २०१९ रोजी वरच्या मजल्यावरच्या शिकवणीला आग लागून २२ विद्यार्थी गेले, त्या जागेचं वर्णन वाचताना मला आपल्या गल्ल्या दिसत होत्या. आईवडील पोराला तिथे घालायला जातात तेव्हा एसी आहे का, वायफाय आहे का, विचारतात. छताकडे बघा, डिटेक्टरवर बहुतेक वेळा बारीक लाल दिवा अधूनमधून लुकलुकतो, तो दिसतो का बघा. आणि रात्री शटरची किल्ली कुणाकडे असते ते मालकाच्या तोंडून ऐका.

या जुलैला, सराव केला त्या डॉक्टरांच्या दवाखान्याचं नमुना ‘ब’ पुन्हा करायचं आहे. मी त्यांना सांगितलं आहे की या खेपेला तारीख कळवणार नाही, रात्री दीड-दोनला स्प्रे घेऊन येईन. त्यांचं म्हणणं, निदान एक दिवस आधी फोन करा, लहान मुलं आहेत, दचकतात. नर्सेसचंही तेच म्हणणं आहे. मावशी तेवढ्या माझ्या बाजूनं आहेत. आमचं अजून ठरलेलं नाही.